डेस्कटॉप आणि सॉफ्टवेअर व्यवस्थापनाची साधनं एकमेकांशी जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आयटी विभागांसाठी आहे. मुख्य ऑफिस महापेला, कारखाना रबाळेला, हिशेब विभाग वागळे इस्टेटमध्ये, एखादं गोदाम उरणच्या वाटेवर. मशीन दोनशेपासून दीड हजारापर्यंत. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (युजर आणि मशीनच्या खात्यांची मायक्रोसॉफ्टची मध्यवर्ती नोंद) आहे, मशीनवर सॉफ्टवेअर आणि पॅच पाठवायला कॉन्फिगरेशन मॅनेजर किंवा एंडपॉइंट सेंट्रल आहे, लॅपटॉपसाठी इंट्यून (मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरून चालणारं व्यवस्थापनाचं साधन) नुकतंच घेतलंय. अँटिव्हायरसचा कन्सोल वेगळा, हेल्पडेस्क वेगळा, आणि खरेदी विभागाची एक्सेल शीट या सगळ्यांहून जुनी. अशा ठिकाणी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत.

जोडणी म्हणजे सगळं एका स्क्रीनवर दिसणं का?

नाही. डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: कोणत्या माहितीचा मालक कोण.

मशीन कुणाच्या ताब्यात आहे, कधी घेतलं, वॉरंटी कधी संपते, याचा मालक मालमत्तेचं रजिस्टर. मग ते जीएलपीआयमध्ये (मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असो किंवा हेल्पडेस्कमध्ये. मशीनवर आज काय बसलेलं आहे, याचा मालक इन्व्हेंटरी घेणारा एजंट, म्हणजे मशीनवर बसवलेला छोटा प्रोग्रॅम. काय बसलेलं असायला हवं, याचा मालक डिप्लॉयमेंटचं साधन. माणूस कोण आणि कोणत्या विभागातला, याचा मालक एचआरची यादी आणि तिच्यावरून डिरेक्टरी. प्रत्येक रकाना एकाच ठिकाणी लिहायचा, बाकी सगळीकडे फक्त वाचायचा.

दोन्हीकडून लिहिता येणारा रकाना ठेवला की रात्रीच्या सिंकमध्ये दोन्ही साधनं एकमेकांचं पुसत बसतात. हेल्पडेस्कवाला संध्याकाळी मशीन अकाउंट्सच्या नावावर लावतो, सकाळी ते परत स्टोअर्समध्ये गेलेलं असतं, आणि कोणी बदललं याची नोंद शोधली तर तिथे फक्त सर्व्हिस अकाउंटचं, म्हणजे सिंक ज्या खात्याने चालतो त्याचं, नाव सापडतं. म्हणून कनेक्टर (दोन साधनांत माहितीची ने-आण करणारा जोड) विकत घेण्याआधी एक साधा कागद करा: डावीकडे रकाने, उजवीकडे मालक. पंचवीस-तीस रकान्यांच्या पलीकडे यादी जात नाही. तो कागद नसताना सुरू केलेली जोडणी सहा महिन्यांत बंद करावी लागते.

पाच साधनं मशीनचे पाच आकडे दाखवतात. खरा कोणता?

बहुतेकदा एकही नाही, पण प्रत्येक आकडा का चुकतो ते ठरलेलं असतं, त्यामुळे दुरुस्त करता येतो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी जास्त दाखवते, कारण भंगारात गेलेल्या मशीनचं खातं कोणी काढत नाही. अँटिव्हायरसचा कन्सोल जास्त दाखवतो, कारण फॉरमॅट मारून एजंट परत टाकला की तेच मशीन नव्या नोंदीने येतं. इंट्यूनमध्ये लोकांचे स्वतःचे मोबाइलही मिसळलेले असतात. कॉन्फिगरेशन मॅनेजर कमी दाखवतो, कारण एजंट बिघडलेलं मशीन त्याच्या लेखी निष्क्रिय होतं. आणि एक्सेल शीट खरेदीचा आकडा सांगते, वापराचा नाही.

ताळमेळ असा घाला. प्रत्येक साधनातून एकाच दिवशी यादी काढा. डिरेक्टरीतून काढताना शेवटच्या लॉगॉनची वेळ आणि संगणक-खात्याचा पासवर्ड कधी बदलला, या दोन्ही तारखा घ्या. लॉगॉनची जी तारीख सगळ्या डोमेन कंट्रोलरवर (डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) पोचते ती खऱ्यापेक्षा ९ ते १४ दिवस मागे असू शकते, आणि खात्याचा पासवर्ड साधारण दर ३० दिवसांनी बदलतो. म्हणून ३० दिवसांच्या हिशेबाने खाती बंद करू नका. ९० दिवस धरा, आणि आधी फक्त निष्क्रिय करून महिनाभर थांबा. सतत बाहेर असणारे, व्हीपीएन क्वचित लावणारे सेल्सचे लॅपटॉप इथेच बळी पडतात.

मग पंच म्हणून नेटवर्ककडे जा. डीएचसीपीच्या लीज (कोणत्या मशीनला कोणता आयपी पत्ता दिला त्याची नोंद) आणि स्विचच्या मॅक टेबलांना (लॅन कार्डांच्या पत्त्यांच्या याद्यांना) कोणत्याही एजंटशी देणंघेणं नसतं. आठवडाभर रोज दुपारी बारा वाजता ती माहिती गोळा केली की एजंट नसलेली मशीन आपोआप उघडी पडतात. कारखान्याच्या वजनकाट्याजवळचा किंवा गेटपास छापणारा पीसी बहुधा याच यादीत सापडतो.

मशीनची ओळख म्हणून सिरियल नंबर पुरेसा आहे का?

ब्रँडेड मशीनसाठी बऱ्यापैकी. असेंबल केलेल्यांसाठी मुळीच नाही. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या पीसीच्या बायोसमध्ये सिरियलच्या जागी मदरबोर्डवाल्याने ठेवलेलं "टु बी फिल्ड बाय ओईएम" हे वाक्य तसंच असतं. ज्या साधनाने सिरियलवरून नोंदी एकत्र करायचं ठरवलं, ते अशा चाळीस मशीनची एकच नोंद करून टाकतं. त्या नोंदीवर युजर रोज बदलतो, रॅम कधी ४ जीबी तर कधी १६. असं सतत रूप बदलणारं मशीन दिसलं की हेच कारण समजा.

म्हणून जुळणी तीन पायऱ्यांनी लावा. आधी सिरियल, पण निरर्थक सिरियलची एक काळी यादी करून ती वगळा. मग एसएमबायोसचा यूयूआयडी, म्हणजे बोर्डात साठवलेला ओळख-क्रमांक. तोही स्वस्त बोर्डांवर सारखा निघू शकतो, तेव्हा दोनपेक्षा जास्त वेळा आलेला यूयूआयडी बाद. शेवटी बोर्डवरच्या लॅन कार्डाचा मॅक पत्ता. यूएसबीचं लॅन अडॅप्टर किंवा डॉकिंग स्टेशनचा मॅक मात्र कधीही ओळख म्हणून घेऊ नका. एकच डॉक पाच लॅपटॉपांना लागतो, आणि पीएक्सईवरून (नेटवर्कवरून मशीन सुरू करून) इमेज, म्हणजे विंडोजची तयार प्रत, टाकताना तर एकाच अडॅप्टरने दिवसभरात दहा मशीन होतात. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये अशा अडॅप्टरचे मॅक वगळण्याची सोय हायरार्कीच्या सेटिंगमध्ये आहे, ती भरून ठेवा.

वॉरंटीत मदरबोर्ड बदलला की इंजिनीअरने नव्या बोर्डवर जुना सिरियल लिहून घेतला का, ते त्याच्यासमोरच बायोसमध्ये जाऊन पाहा. तो निघून गेल्यावर उपयोग नाही.

एक्सेलचंही सांगायला हवं. सात अक्षरी सिरियलमध्ये पाच आकडे, मग ई, मग एक आकडा असा क्रम आला की एक्सेल ती घातांकी संख्या समजतं आणि मूळ सिरियल कायमचा बदलतो. सुरुवातीची शून्यंही उडतात. सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. डेटा टॅबमधून आयात करा आणि सिरियलचा कॉलम आधीच टेक्स्ट ठरवा.

अपडेट सर्व्हरच्या यादीत एखादं मशीन कधी दिसतं, कधी गायब होतं. का?

एकाच इमेजवरून सिसप्रेप (प्रत काढण्याआधी मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) न करता क्लोन केलेली मशीन आहेत. सगळ्यांचा डब्ल्यूएसयूएसचा (मायक्रोसॉफ्टच्या अपडेट सर्व्हरचा) क्लायंट आयडी एकच, त्यामुळे शेवटी जो बोलला तो यादीत दिसतो. विंडोज अपडेटची सेवा थांबवून रजिस्ट्रीतला तो आयडी आणि त्याचा व्हॅलिडेशनचा रकाना काढा, सेवा चालू करा, नव्याने नोंदणी करायला लावा. कॉन्फिगरेशन मॅनेजरचा क्लायंट इमेजमध्येच टाकला असेल तर त्याचीही हीच गत होते. इमेज पकडण्याआधी सेवा थांबवून विंडोज फोल्डरातली एसएमएस सीएफजी नावाची फाइल आणि क्लायंटची प्रमाणपत्रं काढायची असतात.

सॉफ्टवेअरची नावं साधनागणिक वेगळी येतात. लायसन्सचा हिशेब कसा लावायचा?

आधी माहिती कुठून येते ते पाहा. विंडोजमध्ये बसलेल्या सॉफ्टवेअरची यादी रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉल या कीखाली असते, आणि ती दोन जागी असते: ६४ बिटची वेगळी, ३२ बिटची वेगळी. शिवाय युजरच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये बसलेली सॉफ्टवेअर त्या युजरच्या रजिस्ट्रीत. ॲडमिनचे हक्क नसताना लोकांनी स्वतः टाकलेलं झूम किंवा क्रोम तिथे असतं. जे साधन फक्त पहिली जागा वाचतं, त्याची यादी अर्धीच असते.

काही हौशी स्क्रिप्ट विंडोजच्या विन-३२-प्रॉडक्ट या डब्ल्यूएमआय (मशीनबद्दलची माहिती देणारी विंडोजची सोय) क्लासवरून यादी काढतात. हे करू नका. ती विचारणा केली की विंडोज इन्स्टॉलर प्रत्येक एमएसआय पॅकेजची तपासणी करतो, बिघडलेलं वाटलं तर दुरुस्तही करायला लागतो. ॲप्लिकेशनच्या इव्हेंट लॉगमध्ये १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागते, मशीन मिनिटन् मिनिट अडकतं, आणि मुद्दाम बदललेल्या सेटिंगही मूळपदावर जाऊ शकतात.

नावांसाठी स्वतःचा एक कोश ठेवा: कच्चं नाव, प्रमाण नाव, निर्माता, लायसन्सचा प्रकार. ॲक्रोबॅट रीडरचीच आठ-दहा नावं निघतील. पहिल्या दिवशी सगळं करायला जाऊ नका, पैसे लागणाऱ्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करा.

त्यात जावाकडे विशेष लक्ष द्या. डिजिटल स्वाक्षरीसाठी, टेंडर भरण्यासाठी, सरकारी पोर्टलसाठी कोणीतरी ओरॅकलची जावा टाकलेली असतेच. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या जावा ८ च्या अपडेट २११ पासून कंपनीच्या कामासाठी ती फुकट राहिलेली नाही, आणि जानेवारी २०२३ पासूनच्या सबस्क्रिप्शनचा हिशेब मशीनवर नसून एकूण कर्मचाऱ्यांवर होतो. अकाउंट्समधल्या तीन पीसींवरची जावा सहाशे माणसांच्या हिशेबात जाऊ शकते. ओपनजेडीकेवर (जावाच्या मोफत आवृत्तीवर) काम भागतं का ते पोर्टलगणिक तपासून मगच जुनी काढा.

पॅच लावणारी दोन साधनं एकाच मशीनवर चालतील का?

एजंट कितीही असू द्या. पण पॅचचा मालक एकच हवा. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच इन्स्टॉल करतो. दुसरं आलं की ते १६१८ हा कोड देऊन परत जातं. दोन साधनं दुपारच्या जेवणाच्या वेळेतच काम काढतात आणि रोज दोन्हींच्या अहवालात अपयश दिसतं.

याहून लबाड प्रकार विंडोज अपडेटचा आहे. ग्रुप पॉलिसीने (डिरेक्टरीतून मशीनवर लागणाऱ्या नियमांनी) मशीन आपल्या अपडेट सर्व्हरकडे वळवलेलं असतं, आणि दुसरीकडून कोणीतरी इंट्यूनमध्ये अपडेट पुढे ढकलण्याची पॉलिसी लावतो. मग मशीन विंडोज अपडेट थेट इंटरनेटवरून घ्यायला लागतं आणि तुमच्या मंजुरीला विचारत नाही. लक्षण असं: मंजूर न केलेला पॅच मशीनवर सापडतो, आणि त्याच वेळी शाखेची लाइन तुंबलेली असते. क्लायंटच्या डब्ल्यूयूए हँडलर लॉगमध्ये पाहा. ग्रुप पॉलिसीने सेटिंग खोडल्याची तक्रार तिथे बहुधा मिळते.

डब्ल्यूएसयूएसवरच नवं काही उभारत असाल तर थांबा. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलंय की त्यात नव्या सुविधा येणार नाहीत. चालू आहे ते चालू राहील, पण पुढची पाच वर्षं त्यावर बांधू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

ग्रुप पॉलिसी आणि इंट्यून एकमेकांविरुद्ध गेले तर कोण जिंकतं?

मुळात ग्रुप पॉलिसी. इंट्यूनचं जिंकावं अशी एक सेटिंग आहे, पण ती पॉलिसी सीएसपी या गटातल्या सेटिंगनाच लागू पडते, सगळ्यांना नाही. तिच्या भरवशावर राहण्यापेक्षा हलवायच्या मशीनसाठी वेगळं ओयू (डिरेक्टरीतला वेगळा कप्पा) करा आणि जुनी ग्रुप पॉलिसी तिथून काढा. एकेक कामच हलवा: आधी कम्प्लायन्स (मशीन नियमांत बसतं का ही तपासणी), मग अपडेट, मग बाकी, आणि दर वेळी आधी वीसेक मशीनच्या चाचणी गटावर.

परिणामाची वाट किती पाहायची हेही माहीत असू द्या. ग्रुप पॉलिसी ९० मिनिटांनी आणि वर शून्य ते ३० मिनिटांच्या फरकाने ताजी होते. कॉन्फिगरेशन मॅनेजरचा क्लायंट मूळ सेटिंगमध्ये तासाने पॉलिसी विचारतो, हार्डवेअरची यादी मात्र सात दिवसांनी देतो. इंट्यूनची भेट साधारण आठ तासांनी, त्याचा ॲप बसवणारा भाग तासाने. नवं सॉफ्टवेअर टाकून दहा मिनिटांत अहवाल पाहणं व्यर्थ आहे.

शाखेची लाइन पॅचच्या दिवशी बंद पडते. काय करावं?

आधी गणित करा. शाखेत ६० मशीन, पॅच १ जीबीचा धरा, लाइन २० एमबीपीएसची. प्रत्येकाने स्वतंत्र घेतला तर ६० जीबी, म्हणजे लाइन पूर्ण भरून ६ तास ४० मिनिटं. टॅली आणि ईआरपी त्यातच अडकणार. एक प्रत येऊन आतल्या आत वाटली गेली तर लाइनवर ७ मिनिटांचं काम. म्हणून शाखेत एखादा डिस्ट्रिब्युशन पॉइंट (फाइलींची प्रत ठेवणारा सर्व्हर) ठेवा किंवा डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (शेजारच्या मशीनकडून अपडेट घेण्याची विंडोजची सोय) वापरा. त्याला आतल्या नेटवर्कवर टीसीपी ७६८० उघडा लागतो.

आता यातली खाच. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनची नेहमीची पद्धत एकाच सार्वजनिक आयपीमागच्या मशीनना शेजारी समजते. तुमच्या सगळ्या शाखांचं इंटरनेट महापेच्या एकाच फायरवॉलमधून जात असेल, तर वागळे इस्टेटचा पीसी आणि रबाळ्याचा पीसी तिच्या लेखी एकाच खोलीत बसलेले असतात. मग फाइलचे तुकडे लीज्ड लाइनवरून इकडून तिकडे फिरतात, आणि जी लाइन वाचवायची तीच भरते. उपाय: गटाची पद्धत, म्हणजे मोड २ लावा आणि गटाचा आयडी डिरेक्टरीच्या साइटवरून किंवा डीएचसीपीच्या २३४ क्रमांकाच्या ऑप्शनवरून द्या. किंवा शेजारी निवडताना सबनेटची मर्यादा घाला.

कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये हीच चूक बाउंडरी ग्रुपमध्ये (कोणत्या नेटवर्कने कोणत्या सर्व्हरकडे जायचं याच्या यादीत) होते. नेटवर्कवाला नवा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा भाग) काढतो, बाउंडरीत घालायला कोणी सांगत नाही, आणि त्या मजल्यावरची मशीन लांबच्या सर्व्हरकडे जातात किंवा "कंटेंट डाउनलोड होत आहे, ० टक्के" एवढंच दाखवत बसतात. नव्या व्हीलॅनच्या चेंज फॉर्मवरच बाउंडरीची एक ओळ छापून घ्या.

फायरवॉलवर नेमकं काय उघडायचं?

क्लायंटकडून कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या मॅनेजमेंट पॉइंटकडे पोर्ट ८० किंवा ४४३, आणि तातडीच्या सूचनांसाठी १०१२३. अपडेट सर्व्हरला ८५३०, एसएसएल असेल तर ८५३१. एंडपॉइंट सेंट्रलचे मूळ पोर्ट ८०२० आणि ८३८३, सूचनांसाठी ८०२७. अँसिबलने (एका जागेहून अनेक मशीनवर कामं चालवणाऱ्या साधनाने) विंडोज हाताळणार असाल तर ५९८५ किंवा ५९८६, लिनक्सला २२. पीएक्सईसाठी यूडीपी ६७, ६८, ६९ आणि ४०११. व्हीलॅन ओलांडायचा असेल तर स्विचवर आयपी हेल्पर लावा.

पोर्ट उघडे असूनही काम होत नसेल तर दोन गोष्टी पाहा. एक, प्रॉक्सी. ब्राउझरमध्ये युजरला दिलेली प्रॉक्सी सिस्टम खात्याला (एजंट ज्या खात्याखाली चालतो त्याला) दिसत नाही, त्याची विनएचटीटीपीची सेटिंग वेगळी असते. युजरला इंटरनेट चालतं आणि एजंट मात्र मुका, हे त्याचंच लक्षण. दुसरी, फायरवॉलवरची एसएसएल तपासणी. विंडोज अपडेट आणि इंट्यूनच्या पत्त्यांना त्यातून सूट द्यावीच लागते, कारण मधलं बदललेलं प्रमाणपत्र ते मान्य करत नाहीत.

कन्सोल म्हणतो इन्स्टॉल फसलं, युजरकडे सॉफ्टवेअर चालतंय. उलटंही होतं. विश्वास कशावर ठेवायचा?

परतीच्या कोडवर आणि डिटेक्शन रूलवर, म्हणजे सॉफ्टवेअर बसलं का ते तपासणाऱ्या नियमावर. ३०१० म्हणजे बसलं, रिस्टार्ट बाकी. याला अपयश धरलं की अहवाल खोटा होतो. १६४१ म्हणजे बसलं आणि रिस्टार्ट सुरूही झाला. १६०३ नुसतं "घात झाला" एवढंच सांगतो. खरं कारण इन्स्टॉलरच्या सविस्तर लॉगमध्ये, "रिटर्न व्हॅल्यू ३" शोधून त्याच्या वरच्या दहा ओळींत असतं. १६१९ म्हणजे पॅकेजच उघडलं नाही.

१६१९ चं नेहमीचं कारण बारकाईने पाहण्यासारखं आहे. पॅकेज बनवणाऱ्याने स्वतःच्या मशीनवर झेड ड्राइव्हवरून तपासलं, तिथे चाललं. शाखेत ते सिस्टम खात्याखाली चालतं, आणि त्या खात्याला झेड ड्राइव्ह माहीतच नसतो. शेअरचा पूर्ण पत्ता दिला तरी तिथे युजरना परवानगी असते, "डोमेन कम्प्युटर्स" या गटाला नसते. पॅकेज पाठवण्याआधी पीएसएक्झेकने सिस्टम खात्याची कमांड विंडो उघडून एकदा चालवून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

डिटेक्शनमध्ये फक्त फाइल आहे का हे विचारू नका, तिची आवृत्तीही विचारा. नाहीतर जुनी आवृत्ती असलेलं मशीन "बसलेलं आहे" म्हणून सुटतं. इंट्यूनचा ॲप बसवणारा भाग ३२ बिट आहे, त्यामुळे स्क्रिप्टने प्रोग्रॅम फाइल्स विचारलं की तो एक्स-८६ चं फोल्डर पाहतो. आणि सलग तीनदा फसलं की पुढचा प्रयत्न साधारण २४ तासांनी. मधल्या वेळात कन्सोल रिफ्रेश करून काही होत नाही.

"रोज मशीन बंद करतो" म्हणणाऱ्या युजरवर अविश्वास दाखवू नका. तो खरंच बंद करतो. पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवला जातो, नव्याने सुरू होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम वीस दिवसांचा दिसतो आणि रिस्टार्टची बाकी तशीच राहते. ऑफिसच्या पीसींवर ते पॉलिसीने बंद ठेवलेलं बरं.

पॅचचं वेळापत्रक कसं लावावं?

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, अमेरिकेतल्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे काम बुधवारी सकाळी. बुधवार-गुरुवार आयटीची स्वतःची मशीन, पुढच्या सोमवारी प्रत्येक विभागातली दोन-तीन, त्यानंतर सगळे. पहिल्या गटात अकाउंट्सचं एक मशीन, बारकोड प्रिंटरचं एक आणि जुन्या ईआरपीचं एक हवंच. फक्त आयटीच्या मशीनवरची चाचणी आयटीपुरतीच असते.

जीएसटी रिटर्नचे ११ आणि २० हे दिवस, आणि मार्चअखेर, अकाउंट्सला सोडा. गणपतीत निम्मी माणसं कोकणात असतात, मशीन बंद. त्या आठवड्यात कम्प्लायन्सचा आकडा पडतो आणि परतल्यावर सोमवारी सकाळी सगळी मशीन एकदम पॅच मागतात. त्या दिवसासाठी मुदत तीन दिवस पुढे ढकला आणि बँडविड्थची मर्यादा कडक करा.

१९ जुलै २०२४ च्या क्राउडस्ट्राइकच्या घटनेतून (सुरक्षेच्या सदोष अपडेटने मशीन बंद पडली होती) जोडणीपुरतं काय घ्यायचं? सदोष फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली, मागे घेतली १० वाजून ५७ मिनिटांनी, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन त्यात सापडली. ती फाइल नेहमीच्या आवृत्ती-अपडेटची नव्हती, म्हणून ग्राहकांनी ठरवलेले टप्पे तिला लागू झाले नाहीत. तेव्हा सुरक्षेच्या एजंटला विचारा: रोजच्या कंटेंट अपडेटलाही टप्पे लावता येतात का? आणि बिटलॉकरच्या (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या) रिकव्हरी की अशा ठिकाणीही ठेवा, जे डोमेन कंट्रोलर आडवा असताना उघडता येईल.

यूएसबी बंद केल्यावर डिजिटल स्वाक्षरीचं टोकन चालेनासं झालं. आता?

टोकन हे पेन ड्राइव्ह नाही, स्मार्ट कार्ड आहे. रिमूव्हेबल स्टोरेज अडवणाऱ्या पॉलिसीने ते सहसा अडत नाही. उपकरणांचं इन्स्टॉलेशनच वर्गानुसार अडवणाऱ्या पॉलिसीने अडतं. काही टोकन आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उभी राहतात आणि त्यातून ड्रायव्हर देतात, तिथेही अडकतं. उपाय: ड्रायव्हर पॅकेज करून आधीच पाठवा, आणि टोकनचा हार्डवेअर आयडी परवानगीच्या यादीत घाला. हे २० तारखेच्या आधी करा.

मराठी टायपिंगचंही असंच आहे. विंडोजमधला मूळ मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे, तो पॉवरशेलने सगळीकडे देता येतो. पण भाषेची सेटिंग युजरची असते, सिस्टम खात्याने टाकली तर युजरला दिसत नाही. ती स्क्रिप्ट युजरच्या खात्याखालीच चालवा.

हेल्पडेस्कमध्ये आपोआप टिकिटं काढावीत का?

हो, पण मोजकी. प्रत्येक फसलेल्या पॅचचं टिकीट काढलं तर बुधवारी सकाळी चारशे टिकिटं पडतात आणि गुरुवारपासून ती कोणी उघडत नाही. नियम असा ठेवा: एका मशीनचं एका प्रकारच्या बिघाडासाठी एकच उघडं टिकीट, तेही सलग तीन दिवस बिघाड टिकला तर. बिघाड आपोआप मिटला तर टिकीटही आपोआप मिटावं.

एपीआयमधून (साधनं एकमेकांना माहिती देतात त्या दारातून) येणारी वेळ बहुतेकदा यूटीसी असते. साडेपाच तास मिळवायला विसरलात तर पहाटे दोनची घटना आदल्या दिवशी रात्री साडेआठची दिसते, आणि सगळी साखळी चुकते. घड्याळही एकच हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवणं, लॉग १८० दिवस ठेवणं आणि सायबर घटना सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. शिवाय घड्याळ पाच मिनिटांहून जास्त सरकलं तर केर्बेरॉस (डोमेनची ओळख-पडताळणी) लॉगिनच नाकारतो.

कारखान्यातली जुनी मशीन या जोडणीत घ्यावीत का?

यादीत घ्या, पॅचच्या वेळापत्रकात नको. यंत्राला जोडलेला पीसी निर्मात्याला विचारल्याशिवाय रिस्टार्ट होता कामा नये. त्याला वेगळा व्हीलॅन द्या, इंटरनेट बंद करा, डिस्कची इमेज कपाटात ठेवा. ऑफिसातल्या विंडोज १० चं तसं नाही: त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर नसलेली मशीन वेगळी काढा, त्यांना विकतचे विस्तारित अपडेट घ्या किंवा बदला. इन्व्हेंटरी नीट असेल तर ही यादी एका क्वेरीत निघते.

हे सगळं जोडणारं खातं किती ताकदीचं असावं?

लागेल तेवढंच. वाचणाऱ्या कनेक्टरला फक्त वाचण्याचा हक्क द्या. डोमेन ॲडमिनचं खातं कनेक्टरमध्ये घालणं ही आम्हाला दिसणारी सर्वांत घातक सवय आहे. जे साधन हजार मशीनवर सॉफ्टवेअर टाकू शकतं ते हजार मशीनवर रॅन्समवेअरही टाकू शकतं. २ जुलै २०२१ ला कासेयाच्या व्हीएसए या साधनातून नेमकं हेच झालं. दीड हजारापर्यंत व्यवसाय सापडले. कन्सोलला दुहेरी पडताळणी लावा, तो इंटरनेटवर उघडा ठेवू नका. प्रत्येक मशीनचा लोकल ॲडमिन पासवर्ड लॅप्सने (हे पासवर्ड आपोआप बदलून साठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीने) वेगळा करा. एकाच वेळी शंभरहून जास्त मशीनवर काही पाठवायचं असेल तर दुसऱ्याची मंजुरी लागेल अशी सोय असल्यास ती चालू ठेवा.

मशीन भंगारात काढताना कुठे कुठे नोंद बदलायची?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डिस्क पुसा आणि पुसल्याचा अहवाल मालमत्तेच्या नोंदीला जोडा. तोपर्यंत बिटलॉकरची की काढू नका. मग लायसन्स मोकळी करा, अँटिव्हायरसची आणि कॉन्फिगरेशन मॅनेजरची नोंद काढा, डिरेक्टरीतलं खातं निष्क्रिय करा. लॅपटॉप ऑटोपायलटमध्ये (सुरू होताच कंपनीची सेटिंग लावणाऱ्या सोयीत) असेल तर आधी इंट्यूनमधलं उपकरण, मग ऑटोपायलटची नोंदणी, मग एंट्रामधली (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड डिरेक्टरीतली) नोंद. मधली पायरी हमखास राहते. लॅपटॉप विकला जातो, घेणारा वाशीच्या दुकानात विंडोज नव्याने टाकतो, इंटरनेट जोडतो, आणि समोर तुमच्या कंपनीचं नाव आणि लॉगिनची चौकट उभी राहते. मग तो दुकानदार तुमच्या रिसेप्शनला फोन करतो. विकण्याऐवजी मोडीत काढत असाल तर ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्या, आणि त्याच्या पावतीवर सिरियल नंबरांची यादी जोडून घ्या. रजिस्टरमधली "निकाली" ही तारीख त्या पावतीवरूनच भरा.